शिबिराच्या दुसऱ्या दिवशी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी माछलिया घाटात एका बंद पडलेल्या ट्रकच्या मागे गाडी थांबवून बसले होते. ‘विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त फार गंभीर नको,’ असे त्यांनी आवर्जून सांगितले. त्यांची क्षमा मागूनच सुरुवात करते. मला जे लिहायचे आहे ते थोडे गंभीर आहे, आणि आपल्या मंडळातील काही ज्येष्ठांना ते रुचणार नाही याचीही मला कल्पना आहे.

आपल्या स्मरणिकेची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. अध्यक्षांचे मनोगत, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, वार्षिक सहल, गणेशोत्सवातील नाट्यप्रवेश, आणि मधली चार रंगीत पाने आरोग्य शिबिराची. मंडप, फीत, फलक, रांगेत बसलेली आदिवासी मुले आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले आपण. यांतल्या निदान सात-आठ छायाचित्रांत मी स्वतः उभी आहे, तेव्हा पुढे जी टीका करणार आहे तिच्यातून मी सुटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : झाबुआ-अलीराजपूर भागातील आपले वार्षिक महाशिबिर आपण बंद करावे आणि तेवढ्याच पैशांत, तेवढ्याच माणसांत, एकाच गावी दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी दवाखाना चालवावा. निदान सिकलसेलच्या मुलांपुरता तरी.

हे मत काही एका रात्रीत झालेले नाही.

सन १९९८. एम. डी. होऊन मला दोन वर्षे झाली होती आणि इंदुरात स्वतःचा दवाखाना उघडून एकच. शहराच्या कडेला नव्या वसाहतींची बांधकामे जोरात सुरू होती. तिथे कामावर असलेले झाबुआकडचे एक मजूर जोडपे चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन आले. दोन्ही हातांचे पंजे आणि एक पाऊल सुजलेले, ताप, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. मी संसर्गाचे निदान केले, अँटिबायोटिक दिले आणि रक्त कमी दिसते म्हणून लोहाचे सायरप दिले. आठवड्यात सूज उतरली. ती तशीही उतरतेच. पण श्रेय औषधाला मिळाले. खेदाची गोष्ट ही की एम. डी.च्या तोंडी परीक्षेत मला ‘हँड-फूट सिंड्रोम’वरच प्रश्न आला होता आणि मी न अडखळता उत्तर दिले होते. परीक्षकांसमोर जे आठवले ते मुलासमोर आठवले नाही. त्याच्या आईने मला सांगितलेही होते, की याच्या आधीचा मुलगा एका दिवसात पांढरा पडून गेला. मी ते ऐकले, पण केसपेपरवर लिहिले नाही.

चार महिन्यांनी ती त्याच मुलाला घेऊन पुन्हा आली. प्लीहा बेंबीच्या खाली उतरलेली, जीभ कागदासारखी पांढरी. रक्ताची पिशवी येईपर्यंत मूल गेले. बापाने विचारले, ‘पैसे किती झाले?’ मी काही सांगू शकले नाही. तो बराच वेळ दारात उभा राहिला. शहरातल्या डॉक्टरकडून फुकट निघून जायचे कसे, हे त्याला कळत नसावे.

त्यानंतर सिकलसेल हा माझा विषय झाला, असे म्हणायला हरकत नाही. परिषदांना जाऊन ऐकू लागले. आपल्याकडील आजार अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, या मुलांत एच. बी. एफ.चे प्रमाण अधिक, म्हणून आफ्रिकेच्या तुलनेत तो सौम्य, हे वाक्य तिथे वारंवार कानावर पडे. सरासरी म्हणून ते खोटे नाही. पण मोठ्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात बसून ज्यांची सरासरी काढली जाते ते सगळे जगलेले असतात. चौदा-अठरा महिन्यांत गेलेली मुले त्या विभागात कधी येत नाहीत. विदर्भातील आपले व्यवसायबंधू तर वेगळेच सांगतात. त्यांच्या वॉर्डांत सौम्य हा शब्द सहसा कोणी वापरत नाही.

मग २००७ सालचे आपले शिबिर आले. तेव्हा अलीराजपूर झाबुआ जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा २००८ मध्ये झाला. शिबिरात सिकलसेलची तपासणी करावी हा प्रस्ताव माझाच, आणि तो मान्य झाला याचा मला अभिमानही वाटला होता. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, विद्राव्यता चाचणीच्या नळीत टाकायचा, काही मिनिटांत द्रावण गढूळ झाले की ‘पॉझिटिव्ह’. सभासदांपैकी नेत्र आणि दंतविभागाचे मित्र क्षमा करतील, पण एवढे सांगणे भाग आहे : ही चाचणी रुग्ण आणि वाहक यांत भेद करीत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच. पी. एल. सी. लागते. सहा महिन्यांखालच्या बाळांत तर तिच्यावर विसंबताच येत नाही. आम्हाला हे सर्व ठाऊक होते. ‘पुढची तपासणी नंतर करू’ असे आम्ही ठरवले, चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ असा निळा शिक्का मारला आणि संध्याकाळी सहाला बसमध्ये बसून भेंड्या खेळत परत आलो.

ते ‘नंतर’ कधी आले नाही. पुढच्या वर्षी मंडळाने दुसरे गाव निवडले, कारण एकाच गावी पुन्हा जाण्यात नावीन्य नाही असे कार्यकारिणीचे मत पडले.

दोन वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने त्याच बाजूला गेले होते. तिथल्या अंगणवाडी कार्यकर्तीने मला ओळखले. तिने जे सांगितले ते तिखट होते, पण शांतपणे सांगितले. त्या फलियातील तीन मुलींची ठरलेली लग्ने आमच्या चिठ्ठीमुळे मोडली होती. मुली ठणठणीत होत्या. नंतर तपासल्यावर तिघीही केवळ वाहक निघाल्या. म्हणजे त्यांना आयुष्यात कधी त्रास व्हायची शक्यता जवळपास नव्हती. दुसरीकडे, ज्या एका मुलाला खरोखर आजार होता त्याचा बाप ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, छपराच्या बांबूत खोचून, डॉक्टर पुन्हा येतील म्हणून थांबला होता. मुलगा पहिल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने गेला. आधी बडव्याकडे नेऊन पोटावर डाम दिला होता. आपण डाम देणाऱ्याला अडाणी म्हणतो. त्या घराला डॉक्टर एकदाच दिसला होता, आणि डॉक्टरने फक्त शिक्का दिला होता. बडवा निदान बोलावले की येतो.

या घटनेनंतर आम्ही चौघे (एक पॅथॉलॉजिस्ट, एक भूलतज्ज्ञ, एक निवृत्त सामान्य चिकित्सक आणि मी) २०११ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच गावी जातो. गाव हाटाचे आहे आणि हाट रविवारीच भरतो, एवढाच निवडीचा निकष होता. गावाचे नाव इथे देत नाही. आमच्या मुलांना गावावरून ओळखले जावे असे त्यांच्या आयांना वाटत नाही.

प्रवासाविषयी थोडे सांगायला हवे, कारण ‘दर महिन्याला एवढे लांब?’ हा पहिला आक्षेप असतो. झाबुआ इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटर. सकाळी साडेपाचला निघायचे, बेटमा मागे टाकायचे, घाटाबिल्लौदला चंबळेच्या पुलाअलीकडे पोहे-जलेबी. पुढे धारचा फाटा, सरदारपूरच्या माळावरचे खरमोर अभयारण्य आणि मग घाट. पूर्वी हा घाट रात्री ओलांडायला ट्रकवालेही भीत, ताफ्याने जात. आता चौपदरी महामार्गाने वेळ बराच वाचतो. फाल्गुनात दुतर्फा पळस पेटलेला असतो, चैत्रात मोहाच्या फुलांचा वास बंद काचेतूनही आत येतो, आणि झाबुआ ओलांडले की ताडाची झाडे दिसू लागतात. चौदा वर्षांत या रस्त्याचा मला कंटाळा आलेला नाही. घरचे मात्र कंटाळले आहेत, आणि मंडळातील काही स्नेही मला फक्त कडकनाथ कोंबडी आणायला सांगतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ही मागणी वाढली आहे. मी शाकाहारी आहे. असो.

या वाटेची एक जुनी हकीकत आपणा मराठी माणसांच्या जिव्हाळ्याची आहे. डोंगरांतील भिल्ल वाटसरूंना लुटत, तेव्हा अहिल्याबाई होळकरांनी आधी कठोर उपाय करून पाहिले आणि मग डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी जकात घेण्याचा त्यांचा परंपरागत हक्कच मान्य केला. तिला भिलकवडी म्हणत. मोबदल्यात त्या वाटेची राखण त्यांच्याकडे आली. माल्कमने १८२३ च्या आपल्या ग्रंथात हे नोंदवून ठेवले आहे. माझ्या मते त्या जकातीतले खरे शहाणपण असे, की बाईंनी समोरच्याला याचक मानले नाही. त्याच्याशी करार केला. आपल्या शिबिरात करार कुठेच नसतो. आपल्याला सोयीच्या तारखेला आपण जातो, आपल्याला हवे ते वाटतो आणि समोरच्याने रांगेत उभे राहावे एवढीच अपेक्षा ठेवतो.

तारखेचेच पाहा. आपले शिबिर बहुधा जानेवारीत असते, कारण हवा चांगली असते आणि परदेशी राहणारी मुले-सुना सुट्टीवर आलेल्या असतात. पण दिवाळी झाली की या भागातली निम्मी तरुण माणसे गुजरातेत मजुरीला जातात आणि लहान मुले त्यांच्या काखेला असतात. जानेवारीत गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले. आपण ज्यांच्यासाठी जातो ती एक-दोन वर्षांची मुले त्या वेळी सुरतेच्या किंवा राजकोटच्या एखाद्या बांधकामावर वाळूत खेळत असतात. ती गावी परततात होळीच्या आधी, भगोरियाला. हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. आता भगोरियाच्या आठवड्यात आम्ही एक जादा फेरी करतो, आणि वर्षभरातले सर्वांत मोठे काम त्या एका दिवसात होते. ढोल वाजत असतात, पोरे नव्या कपड्यांत असतात आणि बाजूच्या शाळेत आम्ही प्लीहा चाचपत असतो.

दवाखान्यात आम्ही फार काही दिव्य करत नाही. निदान पक्के झालेल्या मुलाला पाच वर्षांपर्यंत दिवसातून दोनदा तोंडाने पेनिसिलिन. १९८६ सालच्या अमेरिकेतील चाचणीने या साध्या औषधाने न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात हे दाखवले. आज जवळपास चाळीस वर्षे झाली. न्यूमोकोकसची लस २०२१ पर्यंत देशभरच्या नियमित लसीकरणात आली, हे फार चांगले झाले. फॉलिक अ‍ॅसिड. ज्यांना वारंवार दुखणे येते त्यांना हायड्रॉक्सियुरिया आणि त्यासाठी रक्तपेशींची नियमित मोजणी. या औषधाची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. बारा किलोच्या मुलाला ती कशी द्यायची, हा प्रश्न कोणत्याही परिषदेत मी ऐकला नाही, पण हाटाच्या गावात तो दर महिन्याला उभा राहतो.

आणि आयांना प्लीहा चाचपायला शिकवणे. जमैकातील डॉक्टरांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की आईला हे शिकवले तर अचानक प्लीहा फुगून होणारे मृत्यू घटतात, कारण ती मुलाला वेळेवर घेऊन येते. मी प्रथम वाचले तेव्हा मला ते शक्य वाटले नव्हते. अलीराजपूर जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ टक्के होती, देशात सर्वांत कमी. पण हाताच्या बोटांना साक्षरता लागत नाही. आमच्याकडची एक आई मुलाच्या पोटावर कोळशाने रेघ ओढून ठेवते आणि रोज सकाळी बघते. गेल्या श्रावणात ती रेघेच्या खाली दोन बोटे प्लीहा लागली म्हणून मोटारसायकलवर बसून थेट जिल्हा रुग्णालयात गेली. मुलाला रक्त मिळाले. तो आता पहिलीत आहे. १९९८ मध्ये माझ्या टेबलासमोर बसलेल्या बाईला हे पाच मिनिटांत शिकवता आले असते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या ३९ गावांतील बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, हे आपण सर्व अभिमानाने सांगतो. भाषणात सांगतो. मग शिबिराला जाताना गावातल्या आशा कार्यकर्तीला आपण रांग सांभाळायचे काम देतो.

आता आक्षेपांकडे येते. एक आक्षेप वजनदार आहे : हे काम सरकारचे आहे आणि सरकार ते करत आहे. खरे आहे. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेची सुरुवात झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. रंगीत समुपदेशन कार्डे आली, तपासणीचे साहित्य आले. २००७ मध्ये आम्ही केलेली चूक टाळण्याची सोय त्यात आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तपासणी हा या आजाराचा सर्वांत सोपा भाग आहे. पत्ते पिसल्यासारखी कार्डे दाखवून वाहक कोण, रुग्ण कोण, दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गर्भारपणात चारातील एक शक्यता म्हणजे काय, हे भिलीत समजावणे, आणि नंतर पाच वर्षे पेनिसिलिन चालू ठेवणे, हे अवघड. औषध तालुक्याला संपले की कोणाला फोन करायचा? गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला तिथल्या कोणत्या केंद्रात पाठवायचे? इथे आपल्यासारख्यांचा उपयोग आहे, कारण बडोद्याला, सुरतेला आपली मराठी डॉक्टर मंडळी आहेत आणि एका फोनवर ती ओळख देतात. गेल्या वर्षी बडोद्याच्या एका सहकाऱ्याने आमच्या दोन मुलांना नियमित औषध सुरू ठेवले. याला खर्च शून्य आला आणि छायाचित्र कोणी काढले नाही.

दुसरा आक्षेप असा, की शिबिरामुळे तरुण सभासदांना समाजकार्याची गोडी लागते. मला तसे आढळले नाही. त्यांना सहलीची गोडी लागते, आणि सहल स्वतंत्रपणे करायला माझी काहीच हरकत नाही. मांडूला पावसाळ्यात जावे, मीही येईन.

आमचे काम फार यशस्वी आहे असा समज करून घेऊ नये. मागच्या वर्षी आमच्या नोंदवहीतील नऊ वर्षांची एक मुलगी गेली. छातीतली गुंतागुंत, रात्रीची वेळ, गाडी मिळाली नाही. तिच्या पानावर महिन्याच्या महिन्याला माझ्या अक्षरात ‘ठीक’ असे लिहिलेले आहे. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. शेवटच्या दोन भेटींत तिची ऑक्सिजनची पातळी मोजलेली नाही, कारण यंत्राचे सेल संपले होते आणि सेल आणायचे काम माझ्याकडे होते. आता गाडीच्या कप्प्यात सेलचे दोन पुडे कायम असतात.

येत्या सर्वसाधारण सभेत महाशिबिराचा खर्च या दवाखान्याकडे वळवावा असा ठराव मी मांडणार आहे. तो नामंजूर झाला तरी पहिल्या रविवारची गाडी सुटेलच, राग नसावा. एक गरज मात्र तातडीची आहे. आमच्याकडे सतरा वर्षांचा एक मुलगा आहे, मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी झिजत चालले आहे. तो अजून काठीशिवाय चालतो आणि वडिलांबरोबर गुजरातेत कामाला जायचे म्हणतो. मला या सांध्यातले फारसे कळत नाही. मंडळात अस्थिरोगतज्ज्ञ अकरा आहेत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, निघायची वेळ साडेपाच, आणि घाटाबिल्लौदचे पोहे माझ्याकडून.